बोक्याची तुंबलेली लघवी मोकळी केल्यावर घरी काय पाहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, नंदुरबार, कधी थेट धडगावहून फोन येतो. कुणी मराठीत सांगतं, कुणी अहिराणीत व्हॉइस मेसेज टाकतं: "बोका सकायपाईन मुती नही राहिना" (बोका सकाळपासून लघवी करत नाहीये). दवाखान्यात नळी टाकून लघवी मोकळी केली, बोका घरी आणला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीतरी बिनसलं, असे हे फोन असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे क्रमाने लिहिले आहेत. बोका आत्ता त्रासात असेल तर बाकीचं सोडा आणि आधी प्रश्न ३ वाचा.

१. नळी टाकली, लघवी निघाली, डॉक्टरांनी घरी पाठवलं. आता धोका टळला ना?

पूर्ण टळलेला नाही. बोक्याचा मूत्रमार्ग शेवटाकडे फार अरुंद होत जातो. तिथे चिकट द्रव आणि बारीक क्रिस्टल यांचा बूच बसतो, कधी मुतखडा अडकतो, तर कधी काहीच अडकलेलं नसतं. दाहामुळे मार्गाचे स्नायूच आवळलेले असतात. नळीने वाट मोकळी होते, पण मूत्राशयाचा दाह लगेच जात नाही. त्यात नळी घालताना मार्ग थोडा खरचटतो आणि सुजतो. म्हणून नळी काढल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक असतात आणि पुढचा आठवडाभर तरी लक्ष ठेवावं लागतं.

शक्य असेल तिथे नळी एक ते तीन दिवस आत ठेवून बोक्याला सलाईनवर ठेवतात. आपल्या खान्देशात रात्री मांजर ठेवून घेणारे दवाखाने मोजकेच आहेत, त्यामुळे बरेच बोके त्याच दिवशी घरी येतात. दवाखान्यात जी नजर ठेवली गेली असती, ती मग घरच्यांनाच ठेवावी लागते.

२. घरी आल्यावर काय काय चालण्यासारखं आहे? उगाच घाबरायचं नाही म्हणून विचारते.

पहिल्या दिवशी भुलीच्या इंजेक्शनामुळे तोल जाणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणं, झोपाळूपणा हे चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो बऱ्यापैकी सावध झाला पाहिजे. काही दिवस लघवी फिकट गुलाबी दिसेल. तो नेहमीपेक्षा जास्त वेळा बसेल आणि प्रत्येक वेळी थोडीच होईल. दर वेळी काहीतरी ओलं पडतंय, तो अधूनमधून खातोय, हाक मारली की बघतोय, एवढं असेल तर काळजीचं कारण नाही. सलाईनच्या जागी पाय किंचित सुजतो, ती सूज एक-दोन दिवसांत उतरते.

३. कोणती लक्षणं दिसली की लगेच निघायचं?

यातलं एकही दिसलं तर फोन करा आणि फोनवर बोलतच गाडी काढा:

- वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी पडत नाही किंवा नुसता थेंब पडतो.
- नळी काढून १२ तास झाले तरी एकदाही लघवी नाही, मग तो शांत झोपलेला का असेना.
- पोट टणक लागतं, किंवा हात लावू देत नाही.
- उलट्या होतात आणि सोबत सुस्ती आहे.
- अंग, कान, पंजे गार पडलेत. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ९८ च्या खाली गेलं तर परिस्थिती गंभीर आहे.
- उभा राहत नाही, मान खाली पडते, मागचे पाय ओढतो.
- तोंड उघडून श्वास घेतो, किंवा झोपेतही श्वास भरभर चालतो.
- लघवीच्या जागेतून लाल रक्त टपकतं, रक्ताच्या गाठी पडतात.
- मांडीच्या आतल्या बाजूला, शेपटीखाली किंवा पोटाखाली जांभळी सूज आली आहे.
- हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा मातकट तपकिरी दिसतात.

तुंबलेल्या बोक्याचा जीव बहुधा पोटॅशियम घेतं. लघवी बाहेर पडली नाही की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. दवाखान्यात साध्या मांजराचे ठोके मिनिटाला १४० ते २२० असतात. तुंबलेल्या बोक्याचे १२० च्या खाली आले तर डॉक्टर आधी हृदय सांभाळतात, नळीचं नंतर बघतात. बाहेरून मात्र असा बोका नुसता "गप्प पडलाय" असा दिसतो. आधी ओरडणारा बोका अचानक शांत झाला तर बरं वाटतंय असं समजू नका.

४. लघवी झाली की नाही हे कळणार कसं? आमचा बोका तर दिवसभर गल्लीत, वावरात असतो.

पहिले सात दिवस त्याला बाहेर सोडूच नका. एक खोली, नाही तर न्हाणीघर रिकामं करून त्यात ठेवा. पसरट घमेलं किंवा ट्रे, पाणी, अंथरूण, बस. बोका दार ओरबाडेल, रात्री ओरडेल, शेजारी बोलतील. तरी सोडू नका. बाहेर गेलेल्या बोक्याने लघवी केली का, हे देवालाही सांगता येणार नाही.

ट्रेमध्ये बाजारातलं गोळे धरणारं लिटर (मांजराच्या लघवी-शीसाठी ट्रेत घालतात ते ओल शोषणारे दाणे) असेल तर गोळे मोजता येतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकची पिशवी ठेवून गोळा तोला. पिशवीचं वजन वजा करा आणि तेवढ्याच आकाराच्या कोरड्या लिटरचं वजनही वजा करा. उरलेला १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली लघवी. लिटर नसेल तर ट्रेमध्ये जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला. ओल्या पट्ट्या आणि कोरड्या पट्ट्या यांच्या वजनातला फरक हीच लघवी. वाळू किंवा माती वापरली तर ओल खाली मुरते आणि अंदाज चुकतो, म्हणून हा आठवडा तरी वाळू नको.

चार किलोच्या मांजराची दिवसभराची लघवी साधारण ८० ते १५० मिली असते, दोन ते चार वेळांत मिळून. आकडा तंतोतंत जुळायला हवा असं नाही. वेळ आणि वजन कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांना तो कागद शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडतो. घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांचा ट्रे वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर कुणाची लघवी कुणाच्या नावावर जाईल.

५. दर पाच मिनिटांनी बसतोय, थेंबच पडतो. रात्रीचे दहा वाजलेत. सकाळपर्यंत थांबू का?

नाही. थेंब पडतोय म्हणजे वाट मोकळी आहे असं होत नाही. अर्धवट अडथळ्यातही थेंब पडतो आणि पूर्ण अडथळा त्यानंतर काही तासांत होऊ शकतो. पूर्ण तुंबल्यापासून २४ तासांच्या आत-बाहेर रक्तात विषारी द्रव्यं साठायला लागतात आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. नुकताच एकदा तुंबून गेलेला बोका तर आधीच थकलेला असतो, त्याच्याकडे तेवढाही वेळ नसतो. रात्री कुठे न्यायचं, याचं उत्तर प्रश्न २० मध्ये आहे.

६. मला वाटतं त्याला शी होत नाहीये. एरंडेल दिलं तर?

देऊ नका. शी अडल्यावर आणि लघवी अडल्यावर मांजर जवळजवळ सारखंच बसतं, म्हणून घरचे बहुतेक वेळा बद्धकोष्ठच धरून चालतात आणि त्यात एक दिवस जातो. लघवीसाठी बसताना पाठ थोडी सरळ राहते आणि ढुंगण जमिनीलगत येतं. शीसाठी पाठ जास्त गोल होते. पण हा फरक अनुभवी माणसालाही फसवतो. लघवीच्या जागी सारखं चाटणं, ती जागा लालसर किंवा जांभळी होऊन बाहेर दिसणं, हे लघवीकडे बोट दाखवतं. नर मांजर कुंथत असेल तर आधी लघवी तुंबली आहे असंच धरा. मूत्राशय रिकामं असल्याची डॉक्टरांनी खात्री केली की मग शीकडे वळा.

७. पोट दाबून मूत्राशय भरलंय का ते घरी बघता येईल?

हळू हात लावून बघता येतं, दाबून मात्र नाही. बोका उभा असताना मागच्या पायांच्या थोडं पुढे, पोटाच्या खालच्या भागात अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला अलगद ठेवा. रिकामं मूत्राशय हाताला लागतही नाही. तुंबलेलं मूत्राशय मोसंबीसारखं गोल, टणक लागतं आणि बोका लगेच गुरगुरतो किंवा चावायला येतो. असं लागलं की हात काढा. दाबून लघवी काढायचा प्रयत्न केला तर ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. जाड बोक्याच्या पोटात काहीच कळत नाही, तेव्हा "मला काही लागलं नाही" यावर विसंबून राहू नका.

८. लघवीत रक्त किती दिवस चालेल?

फिकट गुलाबी रंग तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही दिसतो, पण दिवसागणिक कमी होत गेला पाहिजे. रंग वाढत असेल, आधी स्वच्छ झालेली लघवी परत लाल झाली असेल तर त्याच दिवशी दाखवा. गाठी पडत असतील तर लगेच निघा. गाठीनेसुद्धा मार्ग बंद होतो. लघवी करताना तो कुंथतोय का, हे रंगाइतकंच महत्त्वाचं आहे.

९. आमचा तर उलट खूपच लघवी करतोय, ट्रे भरून. चांगलंच ना?

पहिल्या एक-दोन दिवसांत हे फसवं असू शकतं. बरेच तास तुंबलेलं राहिल्यावर मूत्रपिंडं काही काळ पाणी राखू शकत नाहीत आणि लघवी धो धो सुटते. चार किलोच्या बोक्याची लघवी तासाला ८ मिलीच्या वर, म्हणजे दिवसाला २०० मिलीकडे जायला लागली की शरीरातलं पाणी आणि त्यासोबत पोटॅशियमही निघून जातं. म्हणजे आधी पोटॅशियम जास्त होतं म्हणून धोका होता, आता कमी झालं म्हणून. पोटॅशियम फार घटलं की मांजर मान वर उचलू शकत नाही. हनुवटी छातीकडे झुकते आणि ते डोळे वर करून बघतं. ही मान एकदा पाहिली की विसरत नाही.

खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली नाही, हिरड्या चिकट लागल्या, तर पाणी कमी पडलंय. अशा बोक्याला पुन्हा सलाईन आणि रक्ताची तपासणी लागते. पाण्याचं भांडं काढून घेऊ नका, "पाणी कमी दिलं तर लघवी कमी होईल" असं काही जण करतात आणि त्याने मूत्रपिंडांचं आणखी नुकसान होतं.

१०. एकदा उलटी झाली, आणि कालपासून खातही नाही. औषधामुळे असेल का?

एखादी उलटी औषधाने होऊ शकते. लघवी नीट होतेय, पोट मऊ आहे, तर डॉक्टरांना फोन करून पुढचा डोस द्यायचा का ते विचारा. दोन किंवा जास्त उलट्या, किंवा उलटी आणि लघवीचा पत्ता नाही, असं असेल तर प्रश्न ३ लागू झाला.

न खाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, त्यात ते जाड असेल, तर यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. कान आणि हिरड्या पिवळ्या दिसायला लागतात. २४ तास काहीच खाल्लं नाही तर कळवा. कोमट केलेली मासळी, उकडलेली कोंबडी पुढे ठेवून बघा. घरातला मटणाचा रस्सा देऊ नका. आपल्या रश्शात कांदा, लसूण असतोच आणि दोन्हींनी मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. तोंडात जबरदस्तीने ओतणंही नको, फुप्फुसात जातं.

११. श्वास जोरात चालतोय. घाबरलाय म्हणून?

झोपलेला असताना छाती वर-खाली होते ते मिनिटभर मोजा. ३० च्या आत असेल तर ठीक. सतत ३० च्या वर असेल तर फोन करा, ४० च्या वर किंवा तोंड उघडून असेल तर निघा. काही मांजरांना आधीपासून हृदयाचं दुखणं असतं, जे बाहेरून दिसत नाही. लघवी मोकळी करताना भरपूर सलाईन द्यावं लागतं, आणि अशा मांजराच्या छातीत मग पाणी साठतं. गाडीत त्याला आडवं दाबून धरू नका. बसलेल्या स्थितीत, डोकं मोकळं राहील असं न्या.

१२. अचानक मागचे पायच गेले. पडला-बिडला नाही. हे लघवीचंच?

तीन गोष्टी असू शकतात आणि तिन्हींत थांबायला वेळ नाही. एक, पोटॅशियम फार वाढल्याने किंवा फार घटल्याने आलेली अशक्तता. यात चारही पाय ढिले पडतात. दोन, मूत्रमार्ग सैल करायला दिलेल्या औषधाने रक्तदाब उतरणं (प्रश्न १७). तीन, हृदयातून सुटलेली रक्ताची गाठ मागच्या पायांच्या धमनीत अडकणं. यात मांजर किंचाळतं, मागचे पंजे गार पडतात, तळव्यांचा गुलाबी रंग जाऊन ते फिकट किंवा निळसर होतात. पाय चोळू नका, शेकू नका.

१३. नळी आणि लघवीची पिशवी लावूनच घरी पाठवलंय. काय सांभाळायचं?

खरं तर नळी आत असलेला बोका दवाखान्यात असलेला बरा. पण पर्याय नसतो तेव्हा हे करा. गळ्यातली कॉलर (चाटू-चावू नये म्हणून लावतात ती शंकूसारखी) जेवतानासुद्धा काढू नका. बोका अर्ध्या मिनिटात दातांनी नळी ओढतो. पिशवी नेहमी त्याच्या अंगापेक्षा खाली ठेवा, नाहीतर लघवी उलटी जाते आणि जंतू घेऊन जाते. पिशवीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. दर तीन-चार तासांनी पातळी बघा. पातळी वाढली नसेल तर नळी कुठे पिळली गेली आहे का ते पाहा. सरळ करूनही काही येत नसेल तर फोन करा. नळी अर्धी बाहेर आलेली दिसली तर आत ढकलू नका आणि ओढूही नका.

नळी निघाल्यावर ताप, लघवीला उग्र वास, गढूळपणा दिसला तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्यासाठी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत हे बघायची तपासणी) करून मग अँटिबायोटिक ठरवणं उत्तम. नळी आत असताना "आधीच देऊन ठेवू" म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.

१४. सारखं तुंबत होतं म्हणून ऑपरेशन करून मूत्रमार्गाचं तोंड रुंद केलं. टाके आहेत. काय बघायचं?

यात अरुंद भाग काढून मागचा रुंद भाग कातडीला जोडतात. पहिल्या दिवसांत थोडं रक्त आणि सूज असते. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात, तोवर कॉलर राहिलीच पाहिजे. ट्रेमध्ये फक्त कागद. लिटर किंवा वाळूचे कण टाक्यांना चिकटतात. खपली ओढू नका, स्पिरिट किंवा हळद लावू नका.

लघवी कातडीखाली झिरपत असेल तर मांडी आणि शेपटीखालचा भाग सुजून जांभळा-काळा पडतो. ही घाईची गोष्ट आहे. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी धार बारीक होत गेली, वेळ लागायला लागला, तर जोडलेल्या जागी व्रण आवळत चाललाय. पूर्ण बंद व्हायची वाट न बघता दाखवा. या ऑपरेशननंतर तुंबण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, पण मूत्राशयाचा दाह आणि जंतुसंसर्ग पुढेही होऊ शकतात.

१५. पोट उघडून मुतखडा काढला. त्यात वेगळी काळजी आहे का?

मूत्राशयाची शिवण गळायला लागली तर लघवी पोटात साठते. पहिल्या तीन दिवसांत पोट फुगत चाललं, उलट्या, मलूलपणा, अंग गार, असं दिसेल. गंमत अशी नाही की लघवी बंदच होईल. थोडी लघवी बाहेर पडत असतानाही आत गळती चालू असू शकते. म्हणून या बोक्यांत ट्रे ओला आहे एवढ्यावर समाधान मानू नका, पोटाचा घेर आणि हुशारी दोन्ही पाहा. काढलेला खडा तपासायला पाठवा. स्ट्रुवाइटचा खडा विशेष आहाराने विरघळतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा विरघळत नाही. पुढचं खाणंपिणं त्यावर ठरतं.

१६. उन्हाळी लागलीय असं घरचे म्हणतात. धने-जिऱ्याचं पाणी, अल्कासोल, क्रोसिन यातलं काय देऊ?

काहीच नाही. इथे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण तुंबण्यातून वाचलेले बोके घरच्या औषधाने गेलेले मी पाहिले आहेत.

पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो, कॅलपॉल, मांजराला विष आहे. ते निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरते. हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. आधीच दिली असेल तर लपवू नका. एन-ॲसिटिलसिस्टीन हे त्यावरचं औषध माणसांच्या दवाखान्यातही मिळतं आणि जितकं लवकर मिळेल तितकं बरं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम यांनी मूत्रपिंडं जातात.

माणसांना लघवीच्या जळजळीवर देतात ती, लघवी नारिंगी करणारी फेनाझोपायरिडिनची गोळीही मांजराच्या रक्तपेशी फोडते. अल्कासोल किंवा सिट्राल्कासारखी औषधं लघवीचा आम्लपणा घालवतात. स्ट्रुवाइटचे क्रिस्टल तर तशाच लघवीत वाढतात. पोटॅशियम सायट्रेट असलेलं सिरप तुंबलेल्या बोक्याला देणं म्हणजे वाढलेल्या पोटॅशियममध्ये भर. लघवी सुटावी म्हणून लॅसिक्स देणारेही भेटतात: दार बंद असताना आत आणखी लघवी तयार करून काय होणार?

धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गोखरू यांनी बूच सुटत नाही. घरातल्या आजीला त्यांनी बरं वाटलं असेल, पण तिचा मूत्रमार्ग बंद नव्हता.

१७. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांनी काही होऊ शकतं का?

मूत्रमार्ग सैल पडावा म्हणून प्रॅझोसिन देतात. त्याने रक्तदाब उतरून बोका लटपटू शकतो, गळून पडू शकतो; तसं झालं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. त्याचा उपयोग कितपत होतो याबद्दल अलीकडे पशुवैद्यकांतच शंका आहे, तेव्हा सगळेच डॉक्टर ते देत नाहीत. मेलोक्सिकॅम चांगलं वेदनाशामक आहे, पण पाणी कमी झालेल्या किंवा मूत्रपिंडं अजून सावरत असलेल्या मांजरात धोक्याचं. उलटी, काळी शी, न खाणं दिसलं तर बंद करून विचारा. गॅबापेंटिनने झोप आणि डुलणं येतं, ते चालतं. डोस स्वतःहून वाढवू नका. गुरांसाठी आणलेली औषधं "थोडीशी" म्हणून मांजराला देऊ नका.

१८. भर मे महिन्यात इथे ४४-४५ अंश असतं. लघवी कमी होणारच ना?

उन्हाळ्यात लघवी थोडी कमी आणि गडद होते हे खरं. म्हणून या दिवसांत लोक जास्त गाफील राहतात. उन्हाने कमी झालेली लघवी करताना मांजर कुंथत नाही, ओरडत नाही. कुंथत असेल तर उन्हाला दोष देऊ नका.

नुकत्याच बऱ्या झालेल्या बोक्याला पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. कूलरची हवा पोचेल अशी जागा, दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी, माठातलं असेल तर उत्तम. कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी घाला किंवा ओलं अन्न द्या. बोअरचं पाणी जड आहे म्हणून खडे होतात का, असं सारखं विचारतात. पाणी कुठलं यापेक्षा पोटात किती जातं याकडे लक्ष द्या. दुपारी न्यायची वेळ आली तर संध्याकाळची वाट पाहू नका. खोक्यावर ओलं कापड, गाडीच्या खिडक्या उघड्या, आणि निघा. प्रवासात तोंड उघडून धापा टाकत असेल तर पंजे आणि कान ओल्या कापडाने पुसत राहा, अंगावर बर्फ ठेवू नका.

१९. आमची भाटी आहे. तिलाही हे होतं का?

भाटीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे पूर्ण तुंबणं विरळा. दाह, रक्त, वारंवार बसणं मात्र होतं. तिच्या बाबतीत ताप, उलट्या, न खाणं आणि १२ तासांत लघवी नसणं ही लक्षणं बोक्याइतकीच गंभीर धरा. बाकी सगळं तेच.

२०. आमच्या गावात मांजराचा डॉक्टर नाही. रात्री अकराला करायचं काय?

आधीच तयारी करा. बोका घरी आणला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: रात्री फोन उचलाल का, नसाल तर कुणाकडे जाऊ, आणि केसपेपरवर नळीचा आकार, दिलेली औषधं, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडं कशी चालतात हे दाखवणारी रक्ततपासणी) आकडे लिहून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचा अर्धा तास त्याने वाचतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरं-शेळ्या येतात आणि मांजराची बारीक नळी तिथे असेलच असं नाही. तरी तिथल्या डॉक्टरांना उठवायला संकोच करू नका. सुईने पोटातून मूत्राशय रिकामं करणं, सलाईन लावणं, हृदय सांभाळायचं औषध देणं हे ते करू शकतात, आणि तेवढ्याने पुढच्या प्रवासापुरता वेळ मिळतो. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. ती सेवा मुळात गुरांसाठी असली तरी जवळचा डॉक्टर कोण हे विचारता येतं. धुळ्याहून नाशिक, जळगावहून छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सुईने मूत्राशय रिकामं न करता एवढा पल्ला गाठू नका, शक्य असेल तर आधी जवळ थांबा.

न्यायला पिंजरा नसेल तर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं किंवा झाकणाची टोपली चालते. दुचाकीवर मांडीत घेऊन नेऊ नका, दुखण्याने तो उडी मारतो. फोनवर पहिल्या वाक्यात एवढंच सांगा: "नर मांजर, अमुक दिवशी नळी काढली, इतक्या तासांपासून लघवी नाही."

२१. दुसऱ्यांदा ॲडमिट करायला पैसे नाहीत. घरी ठेवलं तर होईल बरं?

पूर्ण तुंबलेलं असेल तर नाही होणार, आणि तो मृत्यू फार वेदनेचा असतो. पण पैशाचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाज नाही. ज्यांचं पोटॅशियम फार वाढलेलं नाही आणि खडा अडकलेला नाही, अशा बोक्यांत नळी न घालता झोपेचं-वेदनेचं औषध, सुईने मूत्राशय रिकामं करणं आणि शांत अंधारी जागा, एवढ्यावरही काम होतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात असे १५ बोके घेतले होते, त्यातल्या ११ जणांची लघवी मोकळी झाली. उरलेल्या चौघांची झाली नाही हेही लक्षात असू द्या. हा पर्याय दवाखान्यातच करायचा आहे. तोही शक्य नसेल, तर वेदना न होता निरोप देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. असा निर्णय घेणाऱ्या माणसाला कुणी नावं ठेवू नयेत.

२२. अंथरूण सतत ओलं असतं, मागचे पाय भिजलेले असतात, तरी डॉक्टर म्हणतात लघवी तुंबलीय. हे कसं?

फार ताणलं गेलेलं मूत्राशय काही दिवस आकसतच नाही. लघवी भरते आणि वरची वर ओघळते, बोका बसतसुद्धा नाही. प्रश्न ४ मधलं वजन इथे फसवतं, कारण ट्रे कोरडा आणि अंथरूण ओलं. अशा वेळी काही दिवस नळी ठेवून मूत्राशय रिकामं ठेवतात, आकसायला मदत करणारं औषधही देतात, पण मार्ग मोकळा असल्याची खात्री करूनच. मागचे पाय भिजून कातडी सोलवटते, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथे माशा अंडी घालतात. कोमट पाण्याने धुऊन कोरडं करा, केस कापून घ्या.

२३. महिन्याभराने परत तुंबलं. आता दर वेळी हेच चालणार का?

परत तुंबल्यावर निव्वळ नळी टाकून घरी येणं पुरेसं नाही. एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून खडा राहिला आहे का, हे बघून घ्या. खडा नसेल तर बहुतेकदा मूत्राशयाचा दाह हेच मूळ असतं, आणि तो ताणाने उसळतो: घरात पाहुणे, लग्नाची गडबड, गल्लीत नवा बोका, बदललेली खोली. नर मांजराला स्वतःची जागा, स्वच्छ ट्रे (मांजरं जितकी, त्याहून एक जास्त), ओलं अन्न आणि भरपूर पाणी मिळालं की हे उसळणं कमी होतं. तरुण बोक्यांच्या लघवीत बहुधा जंतू नसतातच, त्यामुळे दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स करून उपयोग नाही. एवढं सगळं करूनही दोन-तीनदा तुंबलं तर प्रश्न १४ मधल्या ऑपरेशनबद्दल विचारा. ते बोका स्थिर असताना, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन ताळ्यावर आल्यावर करतात, म्हणून पुढच्या रात्रीच्या धावपळीची वाट न बघता आत्ताच, तो बरा असताना, तारीख ठरवा.